गल्ली दहा फुटांची, लेन्स चौदा फुटांची

पारोळ्याच्या एका मुलाने विचारलं आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष, हातात कॅनन २००डी मार्क टू आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स. बाजार, जत्रा, एसटी स्टँड, चहाची टपरी, असे रस्त्यावरचे फोटो काढायचे आहेत. अडचणी दोन: लेन्स समोर केली की लोक सावध होतात, आणि दिवेलागणीनंतर फोटो हलतात. मित्र आपली जुनी ५० मिमी एफ १.८ स्वस्तात द्यायला तयार आहे, यूट्यूबवर जो तो ३५ म्हणतो, दुकानदार ४०ची चपटी लेन्स पुढे करतो. ‘दादा, एकच छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्यायची तर कोणती? आणि बॅग कोणती घेऊ?’

भाऊ, उत्तर आधी देऊन टाकतो: तुझ्या कॅमेऱ्याला २४. कॅननची ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ एसटीएम. (मिमीचा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो.) सव्वाशे ग्रॅम वजन, जाडी जेमतेम तेवीस मिलिमीटर, म्हणजे कॅमेऱ्यावर लावली तर लांबून झाकणच लावल्यासारखं वाटतं. पण लगेच पैसे काढू नकोस. आधी का ते समजून घे, कारण ते समजलं तर कदाचित तुला माझ्यापेक्षा वेगळी लेन्स लागेल, आणि तेही बरोबर असेल.

मी जळगावला लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. लग्नसराई नसली की सकाळी जुन्या जळगावात, दाणा बाजारात, सराफ बाजाराच्या आसपास फिरतो. सुरुवातीची दोन वर्षं मी ५०च वापरली. स्वस्त, काचेची धार उत्तम, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, आणखी काय पाहिजे? मग एका कार्तिकी एकादशीला श्रीरामाच्या रथोत्सवात गेलो. हा रथ वळवायला आणि आवरायला चाकाखाली लाकडी मोगरी लावतात. ती लावणाऱ्या माणसांच्या हातात सगळा रथ असतो. मला तेच पाहिजे होतं: चाक, मोगरी, वाकलेला माणूस आणि वर लोंबणारी झेंडूची माळ. ५०मधून पाहिलं तर माणसाचा खांदा आणि चाकाचा एक तुकडा. म्हणून एक पाऊल मागं. अजून एक. तिसऱ्या पावलाला माझी टाच शिंगाड्यांच्या पाटीत. उपासाचा दिवस, विकायला बसलेल्या मावशींनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन किलो शिंगाडे घेऊन घरी आलो, फोटो एकही नाही.

त्या दिवशी घरी टेप घेऊन बसलो आणि हिशेब केला. तोच तुला देतो.

तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ उंच आहे. कॅमेरा उभा धरून एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून बसवायचं, तर चौकटीत साधारण १.८५ मीटर उंची मावली पाहिजे. २४ मिमीने त्यासाठी तुला दोन मीटरवर उभं राहावं लागतं. ४०ने तीन मीटर आणि वर दीड वीत. ५०ने सव्वाचार मीटरच्या जवळपास. फुटांत सांगायचं तर २४ला साडेसहा फूट, ४०ला अकरा, ५०ला चौदा. आता जुन्या जळगावातली गल्ली घे. दोन्हीकडे ओटे, एका ओट्याला टेकलेली मोटारसायकल, मधे जाण्यायेण्यापुरती वाट. भिंतीपासून भिंतीपर्यंत धर आठ ते दहा फूट. पारोळ्याच्या किल्ल्याजवळच्या गल्ल्यांतही मी फिरलोय, तिथे काही वेगळं नाही. गल्ली दहा फुटांची आणि लेन्सला पाहिजेत चौदा. उरलेले चार फूट तू कुणाच्या दुकानात शिरून मिळवणार?

म्हणून मी म्हणतो की लेन्स विकत घेताना आपण अंतर विकत घेत असतो. बाकी सगळं, म्हणजे एफ किती, काच किती, मोटर कोणती, हे त्यानंतर.

‘पण कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर ५०च वापरत होता’ असं तुला कुणीतरी सांगितलंच असेल. ब्रेसाँ म्हणजे रस्त्यावरच्या फोटोंचा फ्रेंच उस्ताद. सांगणारा खोटं बोलत नाही, पण अर्धं सांगतो. ब्रेसाँची ५० होती लायका कॅमेऱ्यावर, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसमोर. तुझा सेन्सर त्याहून लहान. कॅननच्या या जातीच्या कॅमेऱ्यांत सगळ्या आकड्यांना १.६ने गुणायचं, तेव्हा तुझी ५० त्याच्या हिशेबाने ८० होते. ८० ही चेहऱ्याची लेन्स आहे. ब्रेसाँची नजर तुला पाहिजे असेल तर ३१-३२ मिमी शोधावी लागेल. २४ला गुणलं तर ३८ येतं, म्हणजे जुन्या लोकांच्या आवडत्या ३५ आणि ५०च्या मधे, ३५कडे झुकलेलं. ४० होते ६४. आणि यूट्यूबवरचे ज्या ३५चं नाव घेतात ती पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे ३६ बाय २४च्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरची. तुझ्या बॉडीवर ३५ लावलीस तर ती ५६ झाली. हा घोळ इतक्या जणांचा झालेला पाहिलाय की आता कुणी ‘३५ घेऊ का’ विचारलं की मी आधी ‘कशावर’ विचारतो.

दुकानदाराची ४० वाईट नाही. वजन १३० ग्रॅम, दिसायला २४सारखीच चपटी, आणि पुढे कधी पूर्ण फ्रेमचा डीएसएलआर घेतलास तर त्यावरही चालेल. २४ चालणार नाही, ती ईएफ-एस आहे, म्हणजे फक्त लहान सेन्सरच्या कॅननसाठी. पण पुढे कधीतरी घेऊ त्या कॅमेऱ्यासाठी आजची लेन्स निवडणं म्हणजे पोरगं पहिलीत असताना लग्नाची शेरवानी शिवणं. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलास तर दोन्ही अडॅप्टरवर चालतात. फक्त अडॅप्टरची स्वतःची जाडी २४ मिलिमीटर आहे, त्यामुळे चपटी लेन्स घेतल्याचा फायदा तिथेच संपला. उलटं मात्र होत नाही. मिररलेससाठी आरएफ २८ नावाची एक सुंदर चपटी लेन्स २०२३मध्ये आली, १२० ग्रॅमची, ती तुझ्या बॉडीवर कुठल्याच अडॅप्टरने बसत नाही. दुकानात काउंटरवरच्या मुलाला हे माहीत असेलच असं धरून चालू नकोस.

आता छोटेपणाचं. लोक लेन्सला घाबरत नाहीत, लेन्स आणि डोळा मिळून जो एक आकार होतो त्याला घाबरतात. किट लेन्स मिटलेली असतानाच सहा सेंटिमीटरची, झूम केली की नळकांडं आणखी पुढे येतं. बंदुकीसारखं रोखल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो, तोंड फिरवतो नाहीतर पोज देतो. चपटी लेन्स लावून तुझ्या कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बाहेर वळव, लाइव्ह व्ह्यू सुरू कर आणि कॅमेरा छातीशी धर. लोकांना वाटतं पोरगं सेटिंग बघतंय. तुझा चेहरा मोकळा राहतो, नजरानजर होते, हसता येतं. या कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यूमधला ऑटोफोकस चांगला चपळ आहे, स्क्रीनवर बोट टेकवलं की फोकस होऊन फोटो निघतो. मी स्वतः व्ह्यूफाइंडरवाला माणूस, तरी बाजारात आता बहुतेक वेळा छातीवरूनच काढतो.

छोटेपणा म्हणजे चोरून काढणं, असं मात्र समजू नकोस. दोन मीटरवरून चोरी होत नाही. अमळनेरच्या भाजीबाजारात एका आजीबाईने मला असंच पकडलं होतं. समोर मेथीचा ढीग, ती एकेक जुडी पाण्यात बुडवून झटकत होती, थेंब उन्हात चमकत होते. मी वाकलो तशी मान वर न करता म्हणाली, ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ म्हटलं, ‘फोटू काढी ऱ्हायनू, माय.’ ‘मना? मी काय हिरोईन शे का?’ आणि परत जुडी झटकायला लागली. म्हणजे परवानगी मिळाली. त्यानंतरचे आठ फोटो हे पहिल्याहून चांगले आहेत, कारण तिने माझ्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. काढून झाल्यावर तिनेच बोलावलं, ‘दखाड बरं, कसा उना?’ (दाखव बरं, कसा आला?) ५० लावून रस्त्याच्या पलीकडे उभा असतो तर हे बोलणं झालंच नसतं. नको म्हणणारेही भेटतात. तेव्हा कॅमेरा खाली, हात वर, पुढे चालू लागायचं. आणि सातपुड्याच्या बाजूला, होळीच्या आधी आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात किंवा मोलगीला जाशील तेव्हा हे दुप्पट पाळ. तिथल्या बायाबापड्या सणाला नटून येतात ते आपल्यासाठी नाही. शहरातून लांब लेन्सा घेऊन आलेली मंडळी त्यांच्याकडे प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी बघतात, त्यात तू भर घालू नकोस.

संध्याकाळच्या हललेल्या फोटोंकडे येऊ. इथे मित्राची ५० बाजी मारते असं वाटतं, आणि कागदावर मारतेही. एफ १.८मधून एफ २.८च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. पण सांजवेळी एफ १.८ला उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढ आणि बघ किती भाग धारदार येतो. हिशेबाने सुमारे अकरा सेंटिमीटर. अर्धी वीत! डोळ्यावर फोकस केला तर कानापर्यंत पोचेपर्यंत मऊ झालं, आणि तो माणूस पुढे एक पाऊल टाकत असेल तर गेलाच. २४ला एफ २.८वर त्याच अंतराला पाऊण मीटर मिळतं. भरीत सेंटरवर वांगी भाजणारा माणूस, त्याची काठी, वांगं आणि त्यावरचा जाळ, सगळं पाऊण मीटरमध्ये येतं. तुझ्या कॅमेऱ्याला शटर १/१२५ सेकंद, एफ २.८, आयएसओ (उजेड वाढवून घेण्याचा आकडा) ३२०० लाव. हातगाडीच्या दिव्याजवळ एवढ्यात काम होतं. दाणा दिसेल, दिसू दे. हललेला फोटो कोणी बघत नाही, दाणेदार फोटो छापूनसुद्धा निघतो. किट लेन्स २४वर एफ ४च्या आसपास उघडते, म्हणजे प्राइमने तुला उजेडाचा एकच टप्पा जास्त मिळणार आहे, जादू नाही. फोटो हलत होते त्याचं खरं कारण बहुतेक ऑटो मोडने निवडलेला १/३० हे असावं. शटर स्वतः ठरव, आयएसओ ऑटोवर सोड, निम्मा प्रश्न लेन्स न घेताच सुटेल.

दिवसाचं गणित अगदी सोपं आहे, कारण खानदेशात ऊन ही एकमेव गोष्ट फुकट आणि भरपूर मिळते. स्वच्छ उन्हात एफ ८, आयएसओ ४००ला १/१६०० मिळतो. सावलीत गेलास तर १/२०० तरी. एफ ८वर २४ मिमी लेन्स अडीच मीटरवर फोकस करून ठेवली तर दीड मीटरपासून सात-आठ मीटरपर्यंतचं सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. म्हणजे फोकस करण्याची भानगडच नाही, बघितलं की दाबायचं. याला झोन फोकस म्हणतात. ५०ला हे जमत नाही: एफ ८, अडीच मीटर, तर दोन मीटर दहा-पंधरा सेंटिमीटरपासून तीन मीटरपर्यंतच, त्यात एक माणूस आला तर नशीब.

अडीच मीटर डोळ्याने ओळखायला शिक. माझं माप मोटारसायकल आहे. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण दोन मीटर लांब असते आणि आपल्याकडे प्रत्येक फोटोच्या आसपास एखादी उभी असतेच. एक गाडी आणि वर दोन विती म्हणजे तुझं अंतर. आठवडाभर जाता-येता मनात मोजत राहा, सवय होते.

एक गोम सांगायची राहिली. या एसटीएम लेन्सांवर अंतराचे आकडे छापलेले नसतात आणि फोकसची रिंग हाताच्या जोराने नव्हे, विजेवर चालते, कॅमेरा बंद असेल तर ती फिरवून काही होत नाही. म्हणून अडीच मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर ऑटोफोकसने फोकस धर, मग लेन्सवरचं बटण एमएफला सरकव. कॅमेरा झोपून पुन्हा उठला की फोकस जागेवर आहे का ते एकदा तपासून घे. मी ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवून ठेवतो आणि जास्तीची बॅटरी खिशात ठेवतो.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात गेला आहेस का? नसशील तर डिसेंबरात जा, तापीच्या काठावर, सकाळी साडेसात वाजता. धुळीत ऊन तिरपं शिरतं आणि घोडे नाचवणाऱ्यांच्या सावल्या पन्नास फूट लांब पडतात. तिथे मी पहिल्यांदा २४ आणि ५० एकाच दिवशी वापरून पाहिल्या. ५०ने घोड्यांचे चेहरे मिळाले, आयाळ, डोळा, तोंडातला लगाम. सुंदर, पण असे फोटो कुठल्याही घोड्याचे असू शकतात. २४ने मालक, घोडा, मागे दात तपासणारा गिऱ्हाईक, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारे दोन हात, हे एका चौकटीत आलं. बाजार आला. मात्र रुंद लेन्समुळे माणूस नकळत फार जवळ जातो, हेही तिथेच कळलं. चौकटीत घोडा लांब दिसतो आणि प्रत्यक्षात त्याची मागची टाप तुझ्या गुडघ्यापासून हातभर असते. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, रथाच्या चाकासमोर तर नाहीच नाही. मोगरीवाल्यांना काय करायचं ते ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

जवळ गेल्यावर चेहरे फुगतात, नाकं मोठी दिसतात, ही तक्रार तू वाचली असशील. ती लेन्सची नाही, अंतराची आहे. दोन फुटांवरून कुठल्याही लेन्सने नाक मोठंच दिसेल. दोन मीटरवर थांब, नाक जागेवर राहतं.

तरी माझ्यावर विश्वास ठेवून लेन्स घेऊ नकोस. इलेक्ट्रिशियनकडची काळी टेप घे आणि किट लेन्सची झूम रिंग २४ या आकड्यावर चिकटवून टाक. पंधरा दिवस ती काढायची नाही. मग पंधरा दिवस ३५वर. मग ५०वर. दीड महिना जाईल, जाऊ दे, पैसे वाचतील. नंतर फोटो चांगले की वाईट हे बघू नकोस, दोन गोष्टी बघ. एक, कोणत्या पंधरवड्यात तू सारखा मागे सरकत होतास. दोन, कोणत्या पंधरवड्यातले फोटो घरी येऊन सगळे कापावे लागले. मागे सरकत होतास तर लेन्स जास्त लांब आहे, सगळे कापावे लागले तर जास्त रुंद. माझ्या एका विद्यार्थ्याने हा प्रयोग केला आणि तो ३५वर थांबला. तो धुळ्याला आग्रा रोडवर आणि पाचकंदीलच्या बाजारात काढतो, स्वभावाने लाजाळू आहे, लोकांच्या अंगावर जात नाही. त्याला मी २४ घ्यायला लावली असती तर त्याने महिन्यात कॅमेरा ठेवून दिला असता. आणि हो, तुझ्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने साधारण २४ ते २६ मिमी असतो. म्हणजे तुझ्या खिशात एक रुंद, चपटी प्राइम आधीपासून आहे. तिच्यातले फोटो तुला ‘सगळं लांब लांब’ वाटतात का? मग तुला अजून रुंद लेन्स नको, हे तिथेच ठरलं.

दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे असलेले मित्र तुझ्याकडून हे वाचतील म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. निकॉनच्या डी५६००सारख्या बॉडीला ३५ मिमी एफ १.८ डीएक्स ही २००९पासूनची भरवशाची लेन्स, २०० ग्रॅम, ब्रेसाँच्या ५०च्या जवळ जाते. त्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी २८ मिमी एफ २.८ डी लावली तर ऑटोफोकस चालणार नाही. पण तिच्यावर अंतराचे आकडे छापलेले आहेत, झोन फोकसवाल्याला तेच हवं असतं. फुजीवाल्यांनी २७ मिमी एफ २.८ बघावी, शंभर ग्रॅमच्या आत. सोनीच्या छोट्या सेन्सरवाल्यांना २० मिमी एफ २.८, ६९ ग्रॅम, याहून हलकं काय असणार. आणि ज्याला लेन्स बदलायचीच नाही त्याला रिकोचा जीआर थ्री, २८ची नजर, नाहीतर जीआर थ्री-एक्स, ४०ची. शर्टाच्या खिशात जातो. महाग आहे, आणि आपल्याकडच्या धुळीत तो सांभाळावा लागतो.

जुनी लेन्स घेणार असशील तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून इथे वापरलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही, पण कुरिअरने येणारा माल कुठल्या दमट कपाटातून येतो ते कळत नाही. मी एकदा फोटो बघून पैसे पाठवले, आलेल्या ५०च्या आत बुरशीची आख्खी रांगोळी. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत. विटांच्या भिंतीचा, नाहीतर भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा एफ २.८वर समोरून सरळ फोटो काढ. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर ठीक, एकच कोपरा धुसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. फोकस होताना पुढचं नळकांडं अडकत नाही ना, करकर आवाज येत नाही ना, तेही बघ. या लेन्सांचा पुढचा भाग फोकसला पुढेमागे होतो, त्यावर दाब बसणं वाईट. ५२ मिलिमीटरचा साधा फिल्टर लाव. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाशील तर त्याचं मोल कळेल. लाल मिरचीचा गालिचा, देठ खुडणाऱ्या बायका, तोंडाला बांधलेले रुमाल, फोटो फार चांगले मिळतात, पण हवेत मिरची असते. तिथे लेन्स कपड्याने पुसायची नाही, आधी फुग्याने हवा मारायची, नाहीतर काचेवर तिखट घासलं जातं आणि तेच बोट तू डोळ्याला लावतोस.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना काळा कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. एसीतून एकदम बाहेर काढायची अडचण पावसाळ्यात असते, काचेवर वाफ धरते. उन्हाळ्यात कॅमेऱ्यापेक्षा आपलं डोकं सांभाळ. सकाळी साडेनऊच्या आत नाहीतर पाचनंतर, मधल्या वेळेत रस्त्यावर कुत्रंही नसतं, कोणाचे फोटो काढणार?

चाळीसगावला एकदा जाऊन ये. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. हा माणूस कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळपास पडलाच नाही आणि टेबलावर दृश्यं रचून फोटो काढत राहिला. आपल्या कामाच्या अगदी उलटं. पण त्यांचं अंतर ठरलेलं होतं, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिथल्या फोटोंसमोर उभा राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपण लेन्सांची नावं उगाच घोकतो.

मित्राच्या ५०बद्दल: स्वस्तात देत असेल तर घे. बहिणीचं, चुलत्याचं लग्न असतंच, हळदीच्या चेहऱ्यांना तीच लागेल. बाजारात नेऊ नकोस, एवढंच.

आणि बॅग. कॅमेऱ्याची बॅग घेऊच नकोस, तिच्यावर कंपनीचं नाव असतं आणि पाठीवर ती घेऊन फिरणारा माणूस अख्ख्या बाजाराला कळतो. घरातली भाजीची कापडी पिशवी घे, तळाला जुना टॉवेल घडी करून ठेव, वर कॅमेरा. मी तेच करतो. परत येताना त्यात मेथीच्या दोन जुड्या टाकतो, फक्त पाणी नीट झटकून.